मलावीत बिऱ्हाड मांडताना

आग्नेय आफ्रिकेतल्या मलावी देशात स्वयंसेवक म्हणून आलेल्याने घराची किल्ली हातात पडली की त्याच दिवशी बाजारात जाऊन आधी बादल्या घ्याव्यात. वीस लिटरच्या, घट्ट झाकणाच्या, किमान चार. पलंग, गादी, टेबल-खुर्ची बहुतेक संस्था स्वयंसेवकाला देतात. बादल्यांचं कोणाच्या लक्षात येत नाही. झाकण नसलेली बादली स्वस्त मिळते, ती कपड्यांपुरती ठीक. पिण्याच्या पाण्याची बादली खाली तोटी बसवलेली असेल तरच घ्यावी, म्हणजे तिच्यात पेला किंवा हात बुडवण्याची वेळच येत नाही.

पुढचं सगळं दक्षिण मलावीतल्या झोम्बा, मचिंगा, मुलांजे या भागातल्या लहान गावांना धरून आहे. जिल्ह्याच्या ठिकाणाला इथे बोमा म्हणतात. स्वयंसेवकाचं घर बोमात किंवा तिथून थोडं बाहेर असतं: पत्र्याचं छप्पर, लाल मेण घासलेली सिमेंटची जमीन, खिडक्यांना गज, पुढे पडवी, अंगणात नळ. लिलाँग्वेच्या एरिया टू मध्ये किंवा ब्लँटायरजवळच्या लिंबेत गुजराती दुकानदारांच्या शेजारी राहणाऱ्यांना यातलं निम्मं लागू नाही. त्यांना मोहरीपासून पापडापर्यंत सगळं कोपऱ्यावर मिळतं.

नळ आहे म्हणजे पाणी आहे असं नाही. कोरड्या महिन्यांत, विशेषतः सप्टेंबर ते नोव्हेंबर, पाणी रात्री दोनला येतं आणि पहाटेला जातं. म्हणून झोपताना नळ उघडा ठेवून खाली बादली लावायची, आणि बादलीत एखादं स्टीलचं भांडं उलटं ठेवायचं. धार त्यावर आपटली की जाग येते. एका माणसाला दिवसाला चाळीस लिटर पुरतं: प्यायला तीन, स्वयंपाक आणि भांड्यांना दहा-बारा, आंघोळीला दहा, बाकी संडासाला. फ्लशची टाकी एका वेळी नऊ-दहा लिटर गिळते. तिला नळाचं पाणी देणं परवडत नाही. कपडे धुतलेलं पाणी दोन नंबरच्या बादलीत साठवून तेच वापरायचं.

नळ सलग चार-पाच दिवस कोरडा राहिला की हापशावर जावं लागतं. इथला हापसा बहुधा आफ्रिदेव जातीचा असतो. त्याचा पूर्वज असलेला मालदेव पंप १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मलावीतच घडला. (आपल्याकडच्या इंडिया मार्क टू हापशाची वंशावळ सोलापूर पंपाकडे जाते, हे ऐकून इथले पाणी समितीवाले खूश होतात.) आफ्रिदेवची गंमत अशी की त्याचा दट्ट्या आणि रबरी वॉशर गावातल्या माणसांना एकाच पान्याने काढता-घालता येतात. दांडा वीस-पंचवीस वेळा मारल्याशिवाय पाणी वर येत नसेल तर समजावं की खालची झडप गळते आहे किंवा वॉशर झिजला आहे. समितीला सांगावं, आणि वर्गणी मागितली तर काचकूच न करता द्यावी. रांगेत आपला नंबर सोडून पुढे जा असं बायका परक्या माणसाला आग्रहाने सांगतात. एकदा ऐकावं, रोज ऐकू नये. भरलेली बादली त्या चुंबळीवरून सहज नेतात. सवय नसलेल्याने सायकलच्या कॅरियरला वीस लिटरचा कॅन बांधावा.

पिण्याचं पाणी गाळून आणि निर्जंतुक करून, दोन्ही. २०२२-२३ मध्ये इथे कॉलऱ्याची मोठी साथ आली, तिची सुरुवात मचिंगातच झाली आणि सतराशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर लोक पाण्याबाबत बरेच सावध झाले. क्लोरीनच्या द्रवाची बाटली कुठल्याही लहान दुकानात मिळते. बाटलीवर लिहिलेलं माप झाकणाने मोजून वीस लिटरमध्ये टाकायचं, ढवळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. पाणी गढूळ असेल तर आधी चितेन्जेच्या, म्हणजे इथल्या बायका कमरेला गुंडाळतात त्या सुती कापडाच्या, चार पदरांतून गाळायचं. गाळ राहिला तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं आणि जंतू शाबूत राहतात. भारतातून येताना मातीच्या दोन कँडल आणाव्यात, कपड्यांत गुंडाळून, हातातल्या सामानात. दोन बादल्या एकमेकींवर ठेवून, वरचीच्या बुडाला भोक पाडून कँडल बसवली की गाळणी तयार. दर आठवड्याला मऊ ब्रशने नुसत्या पाण्याखाली घासायची. साबण लावला तर तो छिद्रांत बसतो आणि पुढे पंधरा दिवस पाण्याला साबणाची चव येते. केसाएवढी चीर गेलेली कँडल फेकून द्यावी. ती पाणी भराभर गाळते, म्हणून लोकांना उलट चांगली वाटते.

हापशाच्या पाण्याचा एक त्रास स्वयंपाकात कळतो. शिरे नदीच्या खालच्या खोऱ्यात तर ते बरंच खारट, आणि इतरत्रही जड असतं. साबणाला फेस येत नाही आणि तूर शिजत नाही. सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा टणक राहिला तर दोष कुकरचा नसतो. डाळी-कडधान्यांसाठी नळाचं नाहीतर पावसाचं पाणी वेगळं राखून ठेवावं. पत्र्यावरून पावसाचं पाणी धरायचं तर पहिल्या दोन सरी वाहून जाऊ द्याव्यात. सहा महिन्यांची धूळ आणि पाखरांची घाण त्यांच्याबरोबर जाते.

वीज नळापेक्षा थोडी बरी. ती बहुतेक शिरे नदीवर तयार होते, त्यामुळे नदीला काही झालं की देश अंधारात. जानेवारी २०२२ मध्ये अॅना वादळाने कापिचिरा धरण फोडलं तेव्हा देशाच्या विजेचा मोठा वाटा एका दिवसात गेला. मीटर आधी पैसे भरण्याचा असतो. मोबाइलच्या पैशांतून, म्हणजे एअरटेल मनी किंवा म्पाम्बातून, युनिट घेतले की वीस आकडी क्रमांक येतो, तो मीटरच्या बटणांवर दाबायचा. महिनाअखेरीला सगळा गाव युनिट घेतो, तेव्हा क्रमांक तासन्‌तास येत नाही. म्हणून मीटरवर वीस युनिट उरले की पुढचे घ्यावेत, आणि क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. फोन हरवतो, वही सहसा हरवत नाही. शेगडीची एक चकती साधारण दीड किलोवॅटची असते. तासभर चालवली की दीड युनिट. पाणी उकळण्यासाठी ती वापरणं म्हणजे पैसे जाळणं.

व्होल्टेज भारतासारखंच, २३०. पिना मात्र इंग्लंडसारख्या चौकोनी, तीन. भारतातून मिक्सर आणला तर त्याची पिन इथेच बदलून घ्यावी. स्वस्त अडॅप्टर मिक्सरच्या ओढीने वितळतात. फ्रिज असेल तर मध्ये व्होल्टेजपासून वाचवणारा संरक्षक खोका लावल्याशिवाय जोडू नये. वीज जाताना नाही, येताना घात करते.

संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि वीज जाण्याची हौसेची वेळही तीच. त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक साडेचारला सुरू करून साडेपाचला उरकायचा. ज्यांची कचेरी पाचला सुटते त्यांनी सकाळीच दोन्ही वेळचं करावं आणि संध्याकाळी फक्त गरम करावं. भात आणि उसळीसाठी उबपेटी उत्तम: मोठ्या टोपलीत सुकं गवत दाबून भरायचं, मध्ये पातेल्याएवढी जागा, वर जुनी उशी. तांदूळ पाच मिनिटं खळाखळा उकळून पातेलं झाकणासकट आत बसवलं की पाऊण तासात भात होतो, कोळसा निम्मा लागतो.

कोळशाची शेगडी म्हणजे म्बाउला. ती पत्र्याची असते, खाली हवेचं दार. मातीची चितेतेझो म्बाउला लाकडावर चालते आणि लाकूड कमी खाते. ती बायकांचे गट भाजून विकतात. जंगलाची इथे जी अवस्था आहे ती पाहता शक्य तिथे हीच वापरावी असं माझं मत आहे, पण पावसाळ्यात लाकूड ओलं असतं आणि मग कोळशाला पर्याय उरत नाही. कोळसा पोत्याने घ्यावा. पिशवीने महाग पडतो. पोत्याच्या तोंडाशी मोठे खडे रचलेले असतात, खाली भुगा. विकत घेण्याआधी मधोमध हात घालून बघावं. पेटवायला मक्याची सुकी कणसं, दाणे काढलेली, सगळ्यात चांगली. शेजारी प्लास्टिकची पिशवी जाळून पेटवतात. तो धूर अन्नाला लागतो, ते शिकू नये. पंधरा-वीस मिनिटांनी खड्यांवर पांढरी राख धरली की आच तयार. आच कमी करायची तर दार लावायचं, आणखी कमी हवी तर चिमट्याने दोन खडे काढून राखेत पुरायचे. कुकर या शेगडीवर चालतो, पण शिटी झाल्यावर आच पटकन बंद करता येत नाही, तर कुकरच उचलावा लागतो. म्हणून तीन लिटरचाच आणावा, आणि सोबत दोन रबर आणि एक सुरक्षा झडप. ही झडप बोमात मिळत नाही. जून-जुलैत मोझांबिककडून येणाऱ्या चिपेरोनी नावाच्या थंड, ओल्या वाऱ्याची भुरभुर लागली की म्बाउला घरात आणण्याचा मोह होतो. पेटती शेगडी झोपायच्या खोलीत कधीही नेऊ नये. धूर दिसत नसला तरी त्यातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणूस मारतो. गरम कपडे आणि एक चांगली रजाई आणावी; आफ्रिका म्हणजे उकाडा, या समजुतीवर आलेले लोक जुलैत दोन स्वेटर घालून कुडकुडतात.

आता जेवण. मराठी माणसाला इथे फार परकं वाटू नये, याचं कारण तूर. तिला इथे नंदोलो म्हणतात आणि दक्षिणेत मक्याच्या ओळींमध्ये ती सर्रास असते. ब्लँटायर-लिंबेच्या गिरण्यांतून ती सोलून भारतात जाते. २०२१-२२ पासून पाच वर्षं, दरवर्षी ५० हजार टन तूर मलावीकडून घेण्याचा करार भारताने केला होता. गंमत एवढीच की बोमाच्या बाजारात अख्खी तूर ढिगाने आणि डाळ जवळजवळ नाहीच. जून-जुलैत ओल्या शेंगा येतात, त्या मिठाच्या पाण्यात उकडून रस्त्याकडेला विकतात, अगदी आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्यासारख्या. सुकी तूर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्वस्त होते, तेव्हा वर्षाची भरून ठेवावी.

अख्खी तूर आठ तास भिजवून कुकरला वीस मिनिटं लागते आणि आमटी साल घेऊनच होते. ज्यांना डाळच हवी त्यांनी रविवार खर्च करावा. एक किलो तुरीला चमचाभर तेल चोळून दोन दिवस उन्हात, मग पाण्याचा हबका मारून रात्रभर झाकून, पुन्हा एक दिवस ऊन. नंतर शेजारणीच्या लाकडी उखळात हलक्या हाताने कांडायची. जोर लावला की पीठ होतं. सुपात पाखडल्यावर किलोला सातशे ग्रॅमच्या आसपास डाळ उरते. इथली टोपलीवजा सुपं गोल असतात, पाखडण्याचा हात तोच.

आंबटाला चिंच मिळते, तिला ब्वेम्बा म्हणतात. त्याहून सोयीची मलाम्बे, म्हणजे बाओबाब झाडाच्या फळातली पांढरी भुकटी. आमटीत चमचाभर, उतरवताना घालावी. जास्त उकळली की तुरटपणा येतो. गुळाऐवजी तपकिरी साखर. शेंगदाणे भरपूर आणि उत्तम. भारतातून आणण्यासारखं: मोहरी, हिंग, गोडा मसाला, आमसुलं. हळद, जिरं शहरात मिळतं. पेरायच्या बिया आणि कच्चं धान्य आणू नये, विमानतळावर काढून घेतात.

पोळीची कणीक बोमात मिळेलच असं नाही, मैदा मिळतो. भाकरीला मात्र तोटा नाही, पीठ ओळखता आलं पाहिजे. मक्याचं पीठ दोन तऱ्हेचं. एक उफा वोयेरा: कोंडा काढून, भिजवून, वाळवून दळलेलं, कागदासारखं पांढरंशुभ्र. त्याची भाकरी थापताना फुटते. दुसरं म्गाइवा: अख्खा मका सरळ दळलेला, स्वस्त आणि भाकरीला चांगला, पण तीन आठवड्यांत खवट होतो, म्हणून दोन-दोन किलोच दळावा. दोन्हीत पाणी कढत लागतं. एक वाटी पाणी उकळून त्यात सव्वा वाटी म्गाइवा घालून झाकायचा, दहा मिनिटांनी हात पोळेल न पोळेल असा असताना मळायचा. शिरेच्या खालच्या भागातून, न्सान्जे-चिक्वावाकडून ज्वारी येते. ती दिसली की घ्यावी. नाचणीही असते, तिला मावेरे म्हणतात. बायका ती मोड आणून मक्याच्या पेजेत घालतात आणि एक-दोन दिवसांत थोब्वा हे आंबूस-गोड पेय होतं. आंबील आवडणाऱ्याला ते पहिल्याच पेल्यात आवडतं.

पण शेजारी जेवायला बोलावतील तेव्हा पानात न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, असेल आणि ती करता येणं हा इथला खरा प्रवेश आहे. दोघांना पाऊण लिटर पाणी, तीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर पीठ. पाणी कोमट असतानाच पाव हिस्सा पीठ कालवायचं, नाहीतर गाठी होतात. ढवळत उकळी आणायची, पातळ पेज झाली की झाकून दहा मिनिटं रटरटू द्यायची. ही दहा मिनिटं वाचवली की न्सिमा कच्ची लागते आणि पोटात दगड होऊन बसते. मग उरलेलं पीठ मुठीमुठीने टाकत लाकडी पळीने पातेल्याच्या कडेवर दाबत घोटायचं. पेज उडते आणि हाताला चिकटून भाजते, म्हणून पळी लांब दांड्याचीच हवी. ओल्या डावाने लंबगोल गोळे ताटात काढायचे. सोबत न्दिवो: भोपळ्याची पानं, रताळ्याची पानं किंवा मोहरीवर्गातली म्पिरू, त्यात टोमॅटो आणि शेंगदाण्याचं कूट. भोपळ्याच्या पानाच्या देठावरची धागेदार साल ओढून काढावी लागते. ती राहिली की घशात खरखरते. जेवायच्या आधी घरातलं कोणीतरी तांब्याने हातावर पाणी घालतं, सगळ्यात आधी पाहुण्याच्या. उजव्याच हाताने जेवायचं, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

मासे खाणाऱ्यांना उसिपा मिळते, मलावी सरोवरातली बोटभर मासळी, उन्हात वाळवलेली. कोकणातल्या माणसाने तिचं सुकटासारखं कालवण करावं, फक्त वाळू फार असते; डोकी काढून तीनदा कढत पाण्यात खळबळून घ्यावी. त्याच सरोवरात पोहण्याने शिस्टोसोमा नावाची कृमी कातडीतून शिरते, तेव्हा काठावरच्या लव्हाळ्यात, उथळ पाण्यात उतरू नये.

कपड्यांचा भाग नवख्याला वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा. पुत्सी नावाची माशी ओलसर कपड्यांवर आणि सावलीतल्या मातीवर अंडी घालते. अळी बाहेर पडून कपड्यातून कातडीत शिरते आणि आठवड्याभरात गळवासारखी गाठ येते, मध्ये काळा ठिपका. त्यावर व्हॅसलीनचा जाड थर द्यावा; हवा कोंडली की अळी तोंड बाहेर काढते, तेव्हा दोन्ही बाजूंनी दाबून काढता येते. त्याआधी पिळली तर आत फुटते आणि जखम पिकते. हे टाळण्याचा उपाय इस्त्री. सगळ्याला: चादरी, टॉवेल, आतले कपडे, मोजे, दोन्ही बाजूंनी, शिवणींवर थांबून, कंबरपट्ट्याच्या घडीत. कपडे कडक उन्हात दोरीवर वाळवावेत, गवतावर किंवा कुंपणावर टाकू नयेत. आतले कपडे मात्र उघड्या अंगणात वाळत घालणं इथे असभ्य मानतात आणि कामाला येणाऱ्या बाईंना ते धुवायला देणं त्याहून असभ्य. ते घरात वाळवायचे, म्हणजे इस्त्री अधिकच कसून. वीज नसताना कोळशाची इस्त्री: निखारे भरून ती आधी बाहेर झुलवायची म्हणजे राख उडून जाते, नंतर जुन्या फडक्यावर एकदा फिरवून मगच शर्टावर.

मच्छरदाणी चार टोकांना बांधायची, गादीखाली चारी बाजूंनी खोचायची. औषध लावलेली जाळी साध्या साबणाने, क्वचितच धुवावी आणि सावलीत वाळवावी; उन्हाने औषध उतरतं. ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन झोपू नये, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात बोट टोचून तपासणी करून घ्यावी. हिवताप निघाला तर बहुधा एलए, म्हणजे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनच्या गोळ्या, देतात: प्रौढाला चार गोळ्या, दिवसातून दोनदा, तीन दिवस. काहीतरी तेलकट-तुपकट खाऊन त्या घ्याव्यात, रिकाम्या पोटी त्या नीट अंगी लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या ठेवून देणारे पुन्हा आजारी पडतात.

अंगण रोज झाडून गवताचा कोंबही न ठेवता मोकळं ठेवतात. त्यामागे साप आहे. उघड्या मातीवर तो लांबून दिसतो. दारात कोणी आलं की “ओदी” अशी हाक येते, “ओदिनी” म्हटलं की माणूस आत येतो. वयाने मोठ्या बाईंना अमायी, पुरुषांना अबाम्बो. कामाचं बोलण्याआधी खुशाली विचारायची आणि विचारू द्यायची. ती गाळून सरळ मुद्द्यावर आलेल्या पाहुण्याचं काम होतं, पण उशिरा होतं.

भत्ता क्वाचा या इथल्या चलनात मिळतो आणि क्वाचाचा भरवसा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत त्याचं ४४ टक्के अवमूल्यन झालं. भत्ता हातात आला की पहिल्या आठवड्यात तेल, साखर, साबण, कोळसा आणि युनिट घेऊन टाकावेत. जानेवारी ते मार्च हे गावातले उपासमारीचे महिने, मका महाग. त्या काळात खिडकीत उघड्यावर पोती रचू नयेत, आणि दाराशी कोणी मागायला आलं तर काय द्यायचं हे आधी शेजारच्या अमायींना विचारून ठरवावं. प्रत्येकाला पैसे दिले की पुढच्या स्वयंसेवकाचं जगणं अवघड होतं.

निघताना मीटरवर उरलेले युनिट परत मिळत नाहीत, मीटर घराचा. ते येणाऱ्यासाठी सोडावेत. कुकर, कँडल, झडप, जाळी मागे ठेवाव्यात, कुकरच्या आत रबर बदलल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी घालून. हिवताप टाळायला डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर भारतात पोचल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. इथे गोळ्या संपल्या की लोक विसरतात, म्हणून तेवढ्या वेगळ्या बांधून ठेवाव्यात. पुढच्या तीन महिन्यांत पुण्यात असो की रत्नागिरीत, ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य मलावीचं सांगावं आणि फाल्सिपेरम या घातक जातीच्या हिवतापाची तपासणी मागून घ्यावी.